बावन्न किलोंचा हट्ट

माझं जठर अर्ध्याहून अधिक कापून टाकलं, त्या वर्षी मी एकोणचाळीस वर्षांची होते. मी किती बारीक व्हायला हवं, हे त्यानंतर आमच्या आळीतल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा नक्की ठाऊक झालं.

सत्तरीच्या दशकाची अखेर होती. मी कर्जतला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. वजन त्र्याण्णव किलो. पोटात व्रण होता, त्याला सगळे अल्सर म्हणत. जळजळ सुरू झाली की थोडं खाल्ल्यावर ती थांबायची, म्हणून मी दर दोन तासांनी खायचे. दुखण्यानं माणूस वाळतो म्हणतात. मी दुखण्यावर पोसले गेले. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना एका दुपारी रक्ताची उलटी झाली, आणि माझ्या यजमानांनी ओळखीच्याची जीप करून मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

सर्जन वयस्कर होते आणि मोजकं बोलत. घरी सोडताना त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की आता पोट लहान झालंय, थोडं थोडं खायचं, गोड टाळायचं. वजनही उतरेल. "वर्षात पंधरा किलो उतरले आणि तिथे टिकले, तर मी खूश होईन," ते म्हणाले.

यजमानांनी मान डोलावली. पण परतीच्या वाटेवर पनवेल यायच्या आत ते म्हणाले, की पंधरा म्हणजे फारच कमी टार्गेट झालं. ते खोपोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे शंभर मागितले की ऐंशी निघतात, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. बायकोचं वजनही त्याच नियमानं निघेल याबद्दल त्यांना शंका नव्हती.

सगळा दोष त्यांना देऊन मोकळी होणार नाही. घरी आल्यावर आठवड्याभरात मी ट्रंक उपसली आणि नोकरी लागतानाचा डॉक्टरी दाखला शोधून काढला. वय एकोणीस, वजन बावन्न किलो. तो कागद मी उशीखाली ठेवला. पंधरा किलोंचा विचार मी त्यानंतर केलाच नाही. मला बावन्न हवे होते.

त्यामागे कारण होतं, आणि ते कुंभिवलीला राहत होतं. माझी थोरली जाऊ अंगानं शेवग्याची शेंग होती. मी तिच्याकडे गेले की ती खुर्ची मागे सरकवायची आणि पाट पुढे करायची. "यावर बसा हो, सागवानी आहे," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. तिच्या मुलीचं लग्न माघात ठरलं होतं. त्या लग्नात मी बावन्न किलोंची होऊन खुर्चीवर बसणार होते. ऑपरेशननंतर बायका देवाला नवस बोलतात. मी हा बोलले.

आळीत माझ्या पोटाची बातमी माझ्याआधी पोचली होती. बघायला येणाऱ्या बायका तब्येत विचारायच्या आणि नजर कमरेवर ठेवायच्या. समोरच्या काकू माझ्याहून वजनदार. त्या एकदा दार लोटून घेऊन हळूच बसल्या आणि त्या डॉक्टरांचा पत्ता मागितला. मी विचारलं, तुम्हाला कुठे अल्सर आहे? त्या म्हणाल्या, नसला म्हणून काय झालं, पैसे तर तेवढेच घेतील ना.

यजमानांनी चौकटीचा कागद आणून स्वयंपाकघरात लावला. तांबडी रेघ म्हणजे टार्गेट, दर आठवड्याला एक किलो खाली. निळी रेघ म्हणजे प्रत्यक्ष मी. वजन करायला त्यांनी भाताची गिरणी निवडली. स्टेशनवरचं यंत्र वजनाबरोबर भविष्यही सांगतं, म्हणून त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी गिरणीत जायचे. भाताची पोती उतरवून घेतली की तोलणारा मला काट्यावर उभं करायचा. त्याला आकडा ओरडायची सवय, कारण आतला कारकून जरा बहिरा होता. पहिल्याच शनिवारी त्यानं "अठ्ठ्याऐंशी" अशी आरोळी ठोकली आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "बाई, बारदान वजा करू काय?" पोत्याचं वजन भातातून वगळतात, तसं तो माझ्या लुगड्याचं वगळायला तयार होता. मी हो म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी मला अर्धा किलो बारदान मिळू लागलं.

पहिले तीन महिने निळी रेघ तांबडीच्याही पुढे धावली. ब्याऐंशीवर आले तेव्हा यजमानांनी पाहुण्यांना बैठकीतून उठवून स्वयंपाकघरात नेलं आणि आलेख दाखवला. मीही कमी नव्हते. लग्नासाठी तीन ब्लाउज शिवायला टाकले आणि मापाला शेजारच्या नव्या सुनेचा ब्लाउज नेला. शिंप्यानं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं ब्लाउजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, की आत दोन बोटं माया ठेवतो, पुढे उसवता येईल. मी सांगितलं, मायेची गरज नाही.

मग श्रावणात वजन थांबलं. एकोणऐंशी. पुढच्या शनिवारीही एकोणऐंशी. गिरणीत आरोळीचा सूरसुद्धा बदलेना. तांबडी रेघ आपली उतरत राहिली आणि निळी तिच्या वर आडवी पडून राहिली. यजमान रोज जेवताना त्या दोन रेघांमधलं अंतर बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. कारखान्यात माल कमी निघाला की ते असेच गप्प होत, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगत. चौथ्या आठवड्यात त्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, कुठेतरी गळती आहे.

मी खाणं आणखी कमी केलं. आधीच चार घासांचं पोट, त्यात मी दोनच घालू लागले. सकाळी ताक, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी काही नाही. केस गळायला लागले, हात गार पडायला लागले. वर्गात फळ्यावर लिहिताना ओळ खाली उतरायची. दीड महिन्यात फक्त दोन किलो उतरले आणि माझा स्वभाव इतका बिघडला, की मुलं पाढे चुकायलाही घाबरू लागली.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत एका शिक्षकांचा निरोप समारंभ होता. उपाशी पोटी मी दोन पेढे खाल्ले आणि वर साखरेचा चहा घेतला. पाच मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आधाराला म्हणून मी फळ्याचा स्टँड धरला आणि त्याच्यासकट खाली आले. शुद्धीवर येताना पहिला आवाज ऐकला तो मुख्याध्यापकांचा. ते विचारत होते, की फळा फुटला तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सर्जनकडे. यजमानांनी आलेखाची सुरळी बरोबर घेतली होती. डॉक्टरांनी ती टेबलावर पसरून बराच वेळ पाहिली.

"हे कशाचं उत्पादन आहे?" त्यांनी विचारलं.

"हिच्या वजनाचं," यजमान म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मग माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं आणि पेढ्यांचं सगळं ऐकून घेतलं. आता पोटात अन्न थांबत नाही, गोड थेट पुढे जातं, म्हणून तसा घाम फुटतो, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, की बावन्न हा आकडा आला कुठून? मी पर्समधून दाखला काढून दिला. त्यांनी तो वाचला आणि मला परत केला.

"हे एकोणीस वर्षांच्या मुलीचं वजन आहे, बाई. ती मुलगी आता नाही. तिचं वजन तुम्ही का मागताय?"

जावेचा पाट सांगायची लाज वाटली. मग त्यांनी विचारलं, की मार्चमध्ये जे जमत नव्हतं त्यातलं आता काय जमतं? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, नीट आठवा. आठवायला गेले तेव्हा लक्षात आलं, की स्टेशनचा पूल मी मध्ये न थांबता चढते. जमिनीवरून उठताना भिंत धरत नाही. भाकरी-भाजी खाऊन रात्रभर निजते. सहा-सात महिने मी गिरणीच्या काट्यावर उभी राहत होते आणि यातलं काहीच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी रडले. डॉक्टरांनी तेवढ्यात लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्यांनी नवं ठरवून दिलं. शहात्तर ते ऐंशीच्या मध्ये राहायचं. वजन महिन्यातून एकदाच करायचं. दिवसातून सहा वेळा थोडं खायचं, त्यात डाळ, अंडं, मासळी. आधी रक्त भरून काढायचं. वर्षानंतर बघू, आणखी उतरलं तर उतरलं. यजमानांना आत बोलावून त्यांनी हेच पुन्हा सांगितलं. यजमानांनी विचारलं, म्हणजे टार्गेट शहात्तर धरायचं की ऐंशी? डॉक्टर म्हणाले, तुमचं स्वतःचं वजन किती आहे? यजमानांनी सुरळी उचलली.

कर्जतला उतरल्यावर मी शिंप्याकडे गेले. तीन ब्लाउज वाया गेले असं धरूनच चालले होते. त्यानं कपाटातून कापड काढलं, त्याची घडी तशीच होती. माघाला अजून वेळ होता म्हणून कात्री लावली नव्हती, असं तो म्हणाला. त्यानं माझं माप घेतलं. माया ठेवू का, हे या वेळी विचारलं नाही, ठेवली.

माघात कुंभिवलीला लग्न झालं. जावेनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "एवढं पोट कापून एवढंच?" ती म्हणाली. आजूबाजूच्या चार बायका थांबल्या. त्या उत्तरासाठी मी कित्येक महिने उपाशी राहिले होते, आणि आता ते द्यायची वेळ आली तर माझ्याजवळ फक्त खरं तेवढंच होतं. मी म्हटलं, "हो, एवढंच. एवढं पुरे असं डॉक्टर म्हणालेत." तिला बहुधा भांडण हवं होतं. ती जिलबीकडे बघायला गेली. पंगतीत आग्रह झालाच. मी पानावर हात आडवा धरला आणि दोन घास वरण-भात खाऊन उठले. पंधरा मिनिटांत मला रुसलेली ठरवण्यात आलं. ते लग्नभर टिकलं.

समोरच्या काकूंनी पुढे बरेच दिवस पत्त्याचा तगादा लावला. मी त्यांना सहा वेळा थोडं खायचं सांगितलं. त्यांना सहा वेळा तेवढं पटलं.

पुढच्या पावसाळ्यात मी माहेरी, खालापूरकडे गेले. भाताची लावणी चालू होती. लग्नानंतर वाढत्या वजनानं मी कधी शेतात उतरले नव्हते; बांधावर बसून चहा पोचवायचे आणि सूचना करायचे. त्या दिवशी मी लुगडं खोचलं आणि चिखलात उतरले. वाकले, रोपांची जुडी उजवीकडून डावीकडे घेतली आणि एक ओळ लावली, मग दुसरी. पाठ भरून आली, पण ती कामानं. दुपारपर्यंत मी चार ओळी लावल्या होत्या आणि मध्ये दोनदा खाल्लं होतं.

भावजय बांधावर येऊन उभी राहिली. मी कंबर सरळ करून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी चांगलं बोलेल अशी माझी अपेक्षा होती, ती मी लपवलीही नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमी उतरलात ते बरं झालं. पण वळ वाकडी हाय. पुन्ना लावाय लागंल."

मी पुन्हा वाकले.