चिंचेनं घासलेले सूर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर ओल्या अंगणातून कोंबडी गेल्यासारखं. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर वाचणाऱ्यानं चुकांबद्दल माफ करावं. मला चार माणसांत तोंडानं बोलता येत नाही, म्हणून लिहिते. आयुष्यात एकदाच मी कुणाला न विचारता पत्र लिहिलं होतं. ते का लिहिलं आणि त्याचं काय झालं, तेवढंच सांगायचं आहे.

माझे यजमान सांगलीत पेट्या दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच दुकान. बहुतेक काम भजनी मंडळांच्या हातपेट्यांचं. वर्षातून एकदोनदा पाचगणीच्या शाळांतून बोलावणं यायचं, तिथं जुने पियानो होते. उंदरांनी आतलं बनातीचं लोकरी कापड खाल्लेलं असायचं, तारा गंजलेल्या असायच्या. ते काम हे बघून बघून शिकले होते.

पेटीचं गिऱ्हाईक सायकलच्या गिऱ्हाइकासारखं नसतं. सायकल टाकून माणूस चहाला जातो. पेटीवाला उंबऱ्यावर बसून राहतो. शिराळ्याचा एक शेतकरी तर आपल्या पेटीशेजारी आमच्या कट्ट्यावर दोन रात्री झोपला होता. मुलीला सासरी सोडायला आल्यासारखं तोंड करून बसायची ही माणसं. त्यांचा आमच्यावर काडीचा विश्वास नसायचा. आतले जुने विलायती सूर काढून घेतील, ही सगळ्यांना भीती. सूर म्हणजे पेटीच्या आतल्या पितळेच्या पातळ जिभा. हवा लागली की त्याच वाजतात. पेटीचा सगळा जीव त्यात.

मी हे सगळं आतल्या दारातून बघायची. माझं काम लाकूड-कातडं चिकटवायचा सरस उकळायचा आणि चहा द्यायचा. "तेवढं कर, बास," असं हे म्हणायचे.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी साताऱ्याहून एक पायपेटी आली. कपाटाएवढी उंच, खाली पायानं भाता हलवायचा. गुळाच्या ट्रकातून आली आणि तिच्याबरोबर ड्रायव्हरशेजारी बसून तिची मालकीणही आली. साठीची, एका वकिलाची विधवा. सगळे त्यांना वकिलीणबाई म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांनी दाराशी उभं राहूनच सांगितलं, "माझ्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेली आहे. चाळीस वर्षं सासरच्यांनी तिच्यावर घड्याळ ठेवलं. पुरुष कोर्टात गेले की मी वाजवायची. यातला एकेक सूर मला घरच्या माणसासारखा ठाऊक आहे. काही इकडचं तिकडं झालं तर मला कळेल." मग दोनशे चाळीस रुपये मोजून दिले. भात्याचं कातडं, लाकूड, मजुरी, सगळं त्यात. मी चहा नेला तर म्हणाल्या, "ठेव तिथं." प्यायल्या नाहीत.

ती बाई मला पहिल्या दिवशीच आवडली नाही.

यांनी पेटी उघडली, भाता नवा केला, सूर काढून क्रमानं वर्तमानपत्रावर मांडले. शंभरावर होते. काळे पडलेले, कडेला हिरवे डाग. तेवढ्यात पाचगणीचं बोलावणं आलं. जाताना म्हणाले, "आल्यावर सूर तेवढे साफ करायचे ऱ्हायलेत. मग झालंच."

दिवाळी आठ दिवसांवर होती. मी परसात तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली होती. समया, घागरी, ताम्हण. चिंच भिजत घातलेली होती, राख चाळलेली होती. मनात आलं, हे दमून येतील, आल्याआल्या पुन्हा बसतील. पितळच तर आहे.

मी एकेक सूर चिंचेनं घासला, राखेनं उजळला, पाण्यातून काढून पाटावर उन्हात ठेवला. क्रम मात्र चुकू दिला नाही. याचा मला फार अभिमान वाटला होता. संध्याकाळी ते सगळे पुन्हा वर्तमानपत्रावर मांडले, तेव्हा खोलीत दिवा लावल्यासारखं झालं. सासूबाई कधी माझ्या कामाला बरं म्हणत नसत. त्यासुद्धा म्हणाल्या, "सोन्यावानी दिसाय लागलं की गं!"

हे आले. चपला काढायच्या आधीच नजर गेली. एक सूर उचलला, ओठाशी धरून हवा ओढली. म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा आवाज आला. दुसरा उचलला, त्याचा तोही नाही.

"कुणी हात लावला?"

"मी न्हाई बया," सासूबाई म्हणाल्या. "तिनंच. मी म्हनत हुते नगं म्हणून."

"चिंचेनं घासलं व्हय गं? ह्या जिभा कागदावानी पातळ असत्यात. नुसत्या बुरुशानं झटकायच्या. वाकवल्यास. आंबट शिरलं फटीत. घागर हाय व्हय ही?"

मी चिंचेचं भांडं उचलून परसात नेलं.

पंधरा दिवस ते कानशी घेऊन बसले. एकेक जीभ सरळ करायची, खरवडायची, ऐकायची. काही मोडल्या. तिथं नवे सूर घातले. बाकीचे वाजले, पण पत्र्यासारखे. माझ्याशी त्या पंधरा दिवसांत "पाणी" आणि "जेवायला" एवढेच शब्द.

मग वकिलीणबाई आल्या. आल्या आल्या मागची फळी काढायला लावली. आत सगळं लखलखत होतं. त्या बसल्या, पाय हलवला, चार पट्ट्या दाबल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"हे माझे सूर नव्हेत."

"बाई, तुमचंच हाईत. धा-बारा तेवढं नवं घातलं, त्येचं पैसं न्हाई घेतलं."

"माझे काळे होते. हे कालचे आहेत. माझे कुठं विकलेस? मिरजेला?"

"दिव्याशपथ बाई..."

"दिव्याची शपथ चोरांसाठीच असते. पैसे परत कर."

पैसे कातड्यात आणि लाकडात गेले होते. हे तसं म्हणाले. मी दाराआड उभी होते. एक पाऊल पुढं टाकून "मी घासले" एवढंच म्हणायचं होतं. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पाऊल तिथंच राहिलं. बाई पेटी घेऊन गेल्या आणि जाताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चोराचं दुकान आहे हे!"

रात्री मी विचारलं, "अवं, खरं का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? बायकूनं सूर चिंचेनं घासलं म्हणून? मिरजेपतुर हसतील. चोराकडं गिऱ्हाईक येतंय, येड्याकडं कोण येतंय?"

पण चोराकडंही येईना. साताऱ्याकडच्या दोन भजनी मंडळांनी अर्धवट पेट्या उचलून नेल्या. पाटणचा एक जण आला, त्यानं पेटी ठेवताना सगळ्या सुरांना निळा दोरा बांधला आणि मोजून कागदावर आमची सही घेतली. हे खाली मान घालून सही करत होते. बाई साताऱ्यात जिथं जातील तिथं सांगत होत्या. मोठा मुलगा शाळेतून रडत आला. पोरं त्याला चोराचा पोरगा म्हणाली होती.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. मुलाच्या वहीचं पान फाडून. "ती. बाईंना नमस्कार वि. वि. तुमचे सूर चोरले नाहीत. मी अडाणीपणानं चिंचेनं घासले. ते पाचगणीला होते. त्यांना चोर म्हणू नका. पैसे मी देईन." एवढं लिहायला दुपार गेली. बाईंचा पत्ता त्यांच्या जुन्या पावतीवर होता, ती पाटणवाल्याच्या कागदाखाली सापडली.

उत्तर आलं ते उघड्या कार्डावर. पाकीट परवडत नव्हतं असं नाही. पोस्टमनपासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांनी वाचावं म्हणूनच कार्ड. "तुझे पत्र मिळाले. सूर चिंचेने घासल्याचे वाचले. दोनशे चाळीस रुपये परत हवेत. नवऱ्याच्या कमाईतले नकोत, तुझ्या हातचे हवेत. शेवटचा रुपया मिळेपर्यंत मी त्याला चोरच म्हणणार. मिळाल्यावर म्हणणार नाही."

दोन दिवसांत गल्लीनं माझं नाव चिंचवाली ठेवलं.

"वैनी, आमचा रेडिओ खरखरतोय, चिंच लावून देता का?" असं गिरणीवाला ओरडायचा आणि रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

यांनी कार्ड माझ्यापुढं टाकलं. "झालं समाधान? चोर म्हणीत हुते तर गिळलं असतं. आता चिंचवालीचा नवरा!"

"पोरांना चोराची म्हणत हुते."

"आन् आता चिंचवालीची म्हणतील."

"म्हणू द्यात. ते खरं हाय."

लग्नानंतर पहिल्यांदा मी उलटून बोलले होते. त्यानंतर हे कितीतरी महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि मीही बोलवायला गेले नाही.

मी हळदीच्या वखारीत निवडायला जाऊ लागले. पोती उपसायची, हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे, माती वेगळी. नाकात, कानात, भाकरीत, सगळीकडं हळद. सासूबाई म्हणायच्या, "रोज हळद लागतीया, पुन्हा लगीन हाय काय?" त्यांना विनोद फार सुचायचे त्या काळात.

दर महिन्याला दहा रुपयांची मनीऑर्डर. पहिल्या वेळी पोस्टातल्या माणसानं फॉर्म तीनदा परत दिला. "बाई, हे वाचायचं कुणी? सातारा हाय का सासवड?" मागं रांग. माझे कान तापले, पण फॉर्म चौथ्यांदा भरला. पुढं पुढं तो न वाचताच घ्यायचा. दहा-बारा दिवसांनी पोच यायची, तिच्यावर बाईंची सही. बाकी शब्द नाही. एका महिन्यात धाकटीला गोवर आला, पैसे औषधाला गेले. लगेच उघडं कार्ड. "या महिन्याचे आले नाहीत. मी विसरलेले नाही." पुढच्या महिन्यात मी दहा-दहाच्या दोन मनीऑर्डरी पाठवल्या आणि मनात त्यांना काय काय म्हटलं, ते या वहीतही लिहिणार नाही.

तेवीस हप्ते झाल्यावर मी ठरवलं की शेवटचे दहा हातात द्यायचे. पैसे फिटल्यावर चोर म्हणणार नाही असं त्यांनी लिहिलं होतं. पण दोन वर्षं गावभर म्हटलेलं नुसतं न म्हटल्यानं पुसत नाही. त्यांनी ते चार लोकांत म्हणायला हवं होतं. मी निघाले तर हे सदरा घालून दारात उभे. "एकटी कुठं हिंडतीस," एवढंच म्हणाले.

साताऱ्यात बाईंच्या पायरीवर हे थांबले. मी एकटी जिना चढून आत गेले. पायपेटी भिंतीशी होती. तिच्यावर पुन्हा घड्याळ. बाईंनी मला बसा म्हटलं नाही. मनीऑर्डरीचे तेवीस कागद तारेत ओवून ठेवले होते, ते त्यांनी मला मोजायला लावले. मग माझी दहाची नोट उजेडाला धरून पाहिली.

"हातांना काय झालंय तुझ्या?"

"हळद."

"जात नाही?"

"चिंचेनंबी न्हाई."

हे कसं तोंडातून गेलं मला कळलं नाही. बाईंनी मान वर करून पाहिलं. हसल्या नाहीत. मी घाम पुसला आणि म्हणाले, "पूर्ण झालं. आता लोकांत सांगा."

"लोकांत सांगेन असं मी लिहिलं नव्हतं."

"चोर म्हणताना लोकांतच म्हणालात."

त्या उठल्या. मला वाटलं, हाकलणार. पण त्या गॅलरीत गेल्या. समोरच्या घरात दोन बायका वाळवण उचलत होत्या, खाली पानवाल्यापाशी माणसं उभी होती, आणि पायरीवर हे. बाईंनी कोर्टात सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "ऐका हो! सांगलीचा पेटीवाला चोर नव्हे. त्याची बायको अडाणी आहे. माझे पैसे पूर्ण फिटले."

खाली कुणीतरी हसलं. हे हसले नाहीत. वर बघत होते.

मी शेवटच्या दहाची पावती मागितली. त्यांनी ती सही करून दिली. ती घडी करून कनवटीला लावली आणि दाराकडे वळले.

"वाकायची रीत नाही वाटतं तुमच्यात?" मागून आवाज आला.

मी तशीच जिना उतरले. दोनशे चाळीस पूर्ण दिले होते. नमस्कार त्यात धरलेला नव्हता.