घाटात पाय टेकायचा नाही

चहा संपेपर्यंत हसणार नसाल तर सांगतो, घाटात मी माझी कशी शोभा करून घेतली ते!

पन्नाशीत मला सायकलचं वेड लागलं. चाळीसगावच्या पुढे इंग्रज साहेबाच्या काळातला घाटरस्ता आहे. एका बाजूला कडा, खाली नदीची खोल घळ. तो घाट सायकलने चढणार, असं मी आमच्या अख्ख्या पिंप्राळ्यात सांगून बसलो होतो. बायको एवढंच म्हणाली, "अर्ध्यातून परत याल."

आणि तिसऱ्याच वळणावर माझी जीभ बाहेर! गुपचूप मागे फिरणार, तोच मोटरसायकलवरून एक आबा आले.

"काय भाऊ, सायकल बिघडनी का?"

"नाही आबा. फिरायला निघालोय."

"घरमा मोटरसायकल नही शे का?"

"आहे ना. कारपण आहे."

आबांनी माझ्या घट्ट चड्डीकडे पाहिलं. "मंग कसाले मरी ऱ्हायना?" मग एकदम चेहरा उजळला. "नवस शे का?"

हौस म्हणून मरतोय, हे कोणत्या तोंडाने सांगू? मान डोलावली.

"घरमा पाळणा हालना का?"

बोलायला दम कुठे होता! मान पुन्हा डोलली. अहो, माझी धाकटी इंजिनीअरिंगला आहे!

झालं! "नवसवाला माणूसनी घाटमा पाय टेकाना नही, देवी कोपस! चाल, मी शे ना मांगे!" म्हणत आबांनी मला सायकलवर चढवलंच. जरा हळू झालो की मागून हॉर्न. समोर कोणी दिसलं की आरोळी, "नवस शे, वाट द्या!" केळीचा ट्रक बाजूला झाला, ड्रायव्हरने हात जोडले. एक अक्का तर धावत येऊन चालत्या सायकलच्या पाया पडल्या! आता सांगा, उतरणार कसा?

वर देवीच्या देवळापाशी पोचलो आणि पायरीवर आडवाच झालो. तरी छाती फुगली होती. घाट चढलो होतो! तेवढ्यात बायकोचा फोन. मला उठवेना, म्हणून आबांनीच घेतला. स्पीकरवर.

"पोरी, तुना मालकना नवस पुरा व्हयना! बाळ कसं शे?"

"कोणाचं बाळ?"

"तुना मालकनं!"

मी हातवारे करतोय, पण आवाज फुटेल तर शपथ!

मग बायको अगदी शांतपणे म्हणाली, "आबा, माझं एक काम कराल? त्यांना पाय टेकू देऊ नका. थेट पिंप्राळ्यापर्यंत!"