ठावठिकाणा माहीत नाही

घटस्फोट मलाही हवा होता. त्यासाठीच मी वाशीतल्या एका वकीलबाईंकडे गेले होते. करंजाडेचा फ्लॅट सोडून, मुलीला घेऊन कोपरखैरण्याला आईकडे राहायला आले, त्याला चार वर्षं होत आली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधीचं काही दाखल आहे का बघते म्हणाल्या आणि आमची नावं कोर्टाच्या वेबसाइटवर टाकली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"तुमचा घटस्फोट झालाय," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांपूर्वी. एकतर्फी."

मला वाटलं, माझ्याच नावाची दुसरी कोणी असेल. पण नवऱ्याचं नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं जुळत होतं.

साइटवर नुसत्या तारखा आणि 'निकाली' एवढा शब्द. आत काय लिहिलंय ते दिसेना. घटस्फोटाचे कागद कोणालाही उघडे नसतात, हे बाईंनी समजावलं, आणि ते योग्यच आहे. पण तिथे मीसुद्धा 'कोणीही'च ठरले. निकालाच्या नकलेसाठी कोर्टात गेले तर कारकुनाने माझं आधार कार्ड बघितलं आणि परत केलं. कार्डावर कोपरखैरणे, कागदावर करंजाडे. ही बाई तुम्हीच कशावरून, असं त्याचं म्हणणं. माझा पत्ता चुकीचा लिहिला हीच तर माझी तक्रार, आणि त्याच चुकीपायी मला माझा निकाल वाचता येत नव्हता. प्रतिज्ञापत्र करून तिसऱ्या खेपेला नक्कल हातात पडली.

तिथल्याच बाकावर बसून वाचली. सामनेवाली, म्हणजे मी, विनाकारण घर सोडून गेली. तिचा ठावठिकाणा अर्जदारास माहीत नाही. ती मुलीची आबाळ करते. समन्स करंजाडेच्या पत्त्यावर गेलं, परत आलं. मग कोर्टाच्या बेलीफने ते त्याच दारावर चिकटवलं. ते दार रोज माझा नवरा उघडत होता. त्यानंतर कुठल्याशा पेपरात जाहिरात, आणि मी हजर झाले नाही म्हणून निकाल.

हा माणूस दर दुसऱ्या रविवारी मुलीला न्यायला आमच्या बिल्डिंगखाली उभा असायचा. दोन-तीनदा तर वर येऊन आईच्या हातचा चहाही पिऊन गेला होता.

मी घरी सगळं वाचून दाखवलं. आईची अर्धी हयात साताऱ्याकडे गेलेली, बोली अजून तिकडचीच. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या घरात माझी लेक हाय, आन् ह्याला पत्ता ठावं न्हाई?" आणि कणीक मळायला लागली. त्या दिवशी ती फार जोरात मळत होती.

वकीलबाईंनी मला सरळ विचारलं, की हवं ते मिळालंय, आता हे पुन्हा उघडायचं का? वर्ष जाईल.

"घटस्फोट हवाय," मी म्हटलं. "हा नकोय."

निकाल रद्द करण्याचा अर्ज केला. सोबत त्याच्याच मेसेजच्या प्रती लावल्या. 'खाली आलोय, तिला पाठव.' 'तुमची लिफ्ट बंद आहे का?' सगळे दावा चालू असतानाचे. पहिल्या तारखेला तो व्हरांड्यात माझ्याजवळ आला आणि कशाला ताणतेस, तुलाही सुटायचंच होतं ना, म्हणाला. असं केलं की लवकर होतं, हे त्याला त्याच्या वकिलाने सांगितलं होतं म्हणे. मुलीच्या आबाळीचं कोणी सांगितलं, हे मी विचारलं. त्यावर तो मोबाइल बघत बसला.

जजसाहेबांनी मेसेज वाचून त्याला एवढंच विचारलं, "लिफ्ट कुठल्या बिल्डिंगची?" त्याने खाली मान घालून कोपरखैरण्याचं नाव घेतलं. निकाल रद्द झाला. मग मी त्याच्या आरोपांना लेखी उत्तर दिलं. पुढे काही महिन्यांनी आम्ही दोघांनी मिळून संमतीच्या अर्जावर सह्या केल्या आणि रीतसर वेगळे झालो. नव्या कागदात कोणावर काही आरोप नाही.

त्याचा पहिला अर्ज मात्र फाइलमध्ये आहे तसाच आहे. तो काढून टाकता येईल का, असं मी वकीलबाईंना विचारलं. नाही, म्हणाल्या. उद्या माझी मुलगी मोठी होऊन ती फाइल मागेल, तर आपली आई आपली आबाळ करायची हे तिला बापाच्या सहीने वाचायला मिळेल. त्याच्यामागेच माझं उत्तर लावलेलं आहे, ते ती वाचेलच. तरीही हे आठवलं की आजही संताप येतो, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.