माझ्या क्यूला तेल कुणी लावलं?

क्यू म्हणजे स्नूकरची काठी. तिला तेल लागतं किती? वर्षातून दोनदा, चार-चार थेंब! पण त्या थेंबांवरून आमच्या लोणावळ्याच्या क्लबात इतके किस्से साठलेत की मी मोजणं सोडून दिलंय. सगळे मेंबर साठीच्या पुढचे, मी एकटी तेवीसची. प्रत्येकाचं तेल वेगळं आणि दुसऱ्याच्या तेलावर प्रत्येकाचा संशय. त्यात यंदा जिल्हा स्पर्धेला क्लबातून एकच खेळाडू जाणार होता. फायनलला मी आणि आबा!

*

क्लब बबनभाऊंचा. भाऊ खोबरेलवाले. डिसेंबरात त्यांच्या क्यूवर पांढरे ठिपके आले.

"भाऊ, खोबरेल थंडीत गोठतं. मी केमिस्ट्री शिकलेय."

"तू शिकलीयस. मी तीस वर्षं लावतोय!"

मग क्यू घेऊन गच्चीवर उन्हात बसले. येईल त्याला सांगत होते, "पॉलिश मुरतंय."

*

आबा कुरवंड्याचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या क्यूला शिलाई मशीनच्या तेलाचा वास. मी म्हटलं, "आबा, हे लाकूड आहे!"

"लोखंड टिकतं त्यानं. लाकडानं काय घोडं मारलंय?"

वर त्याच क्यूने लागोपाठ तीन गेम जिंकले. काहीतरी गडबड होती, हे मी तेव्हाच ओळखलं.

*

मी जवसाचं तेल आणायला वडगावला गेले. दुकानदार म्हणाला, "चटणीला का गुडघ्याला?"

"काठीला."

त्याने मला खालून वर पाहिलं. "काठी कुणासाठी?"

दिलं ते रंगकामाचं. ते वाळलं की क्यू बोटांना चिकटते. परत केलं, खायचं मागितलं. मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तो दारात उभा राहून बघत होता.

*

एकदा क्लबातल्या सगळ्या क्यू मी जवसाच्या तेलाने पुसल्या. भाऊंना बजावलं, "हा तेलकट फडक्याचा बोळा कोंबून ठेवू नका, आपोआप तापतो." भाऊ हसले आणि 'वाया कशाला' म्हणून तो ड्रॉवरमध्ये कोंबला.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमधून धूर! भाऊंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"खरं सांग. सिगारेट कधीपासून ओढतेस?"

*

फायनलच्या सकाळी कपाट उघडलं, तर माझी क्यू चकचकीत! अभ्यासाच्या नादात आठ महिने मी तिला तेलाचं बोटही लावलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मॅचच्या दिवशी क्यू निसरडी नाहीतर चिकट झाली की खेळ खलास.

मी एकेकाचा तळहात हुंगत सुटले. भाऊंचा खोबरेल. आबांचा... जवस!

"आबा! माझ्या क्यूला तुम्ही तेल लावलंत?"

"व्हय. काल सांच्याला. घासून, पुसून ठिवली."

"का?"

"कोरडी ठणठणीत पडलीवती. तसल्या काठीनं हरली असतीस, तर गावभर म्हनली असतीस, काठीमुळं हरले."

मी क्यूवरून हात फिरवला. निसरडी नाही, चिकट नाही. तरी नाकाला लावून एकदा वास घेतला.

आबांनी खिशातून नाणं काढलं.

"घे, घे वास. झाला की सांग. छापा का काटा?"