धारेवरच्या दोरीचा पंचनामा

ते प्रकरण आठवलं की आजही मला हसू फुटतं. चोरी झाली, चोराने कबुली दिली आणि शेवटी फिर्यादीनेच चोराचे पाय धरले.

तेव्हा मी अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नगरहून एक सर नववीच्या बारा मुलींना घेऊन आले होते. माथ्याकडे जाणारी एक अरुंद धार त्यांना ओलांडायची होती. दोन्ही बाजूंना खोल दरी, पाऊल ठेवायला जेमतेम हातभर जागा. आधारासाठी सरांनी नवीकोरी पिवळी दोरी आणली होती. सकाळी पाहतात तर गावच्या शाळेच्या व्हरांड्यातून दोरी गायब. सर ठाण्यात आले.

"साहेब, मुली वर्षभर वाट बघतायत. दोरी आज मिळाली तर उद्या तरी जाऊ."

त्यांचा अर्ज लिहून होतोय तोच गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "सायेब, दोरी म्हातारबाच्या खांद्यावर पाह्यलीय लोकांनी. आमच्यातला मध काढनारा."

म्हातारबा कड्यावर लोंबकळून आग्या मोहोळाचा मध काढायचे. साठी उलटलेली, पण अंग वेताच्या छडीसारखं. मी त्यांना शाळेमागे सावलीत बसवलं.

"बाबा, दोरी नेली?"

"नेली की."

"कशाला?"

ते चपलेतला खडा काढू लागले. माणूस चोरी कबूल करतो आणि कारण सांगत नाही, तेव्हा तो बहुधा कुणाला तरी वाचवत असतो. मी चहा मागवला. बशीत ओतता ओतता ते हळूच म्हणाले, "ती टेम्पोवर माल बांधायची दोरी हाय. कातळावर घासली की तुटंल."

"मग सरांना सांगायचं ना!"

"पोरींम्होरं? मास्तरला? काय बोलता, सायेब! मास्तरची शोभा करायची व्हय?"

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, तीही एका शिक्षकाने हाताला धरून कॉलेजात नेलं म्हणून. त्यांना "तुमचं चुकलं" म्हणायला माझीही जीभ रेटली नसती.

मग पोलिसी मार्ग काढला. सरांना निरोप दिला, "मुद्देमाल सापडलाय. पंचनाम्याला एकटेच या." दोन पंच हजर होते. म्हातारबांनी दगडांचं पोतं दोरीला बांधून शाळेमागच्या कातळाच्या कडेवरून खाली सोडलं आणि झोके द्यायला सुरुवात केली. दहा-पंधरा झोक्यांत पोतं दाणकन खाली आदळलं. दोरीचं टोक घासून तापल्याने वितळून काळं पडलं होतं.

सरांनी ते टोक हातात घेतलं. मग त्यांनी स्वतःच शाळेत थांबलेल्या मुलींना हाक मारली. "हे बघा. ही माझी चूक. उद्या आपण हिच्या भरवशावर गेलो असतो." आणि ते म्हातारबांच्या पायांशी वाकले.

"अवं मास्तर, उटा! पोरी बघत्यात!"

अर्ज मागे घेतला गेला. मुली हिरमुसून परत गेल्या खऱ्या, पण पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. या वेळी दोन अनुभवी गिर्यारोहक सोबत होते, चढाईच्या खास दोऱ्या होत्या, प्रत्येकीच्या कमरेला पट्टा होता. म्हातारबांनी दोरी वीत वीत बोटांतून सरकवून पाहिली, मग मान डोलावली. सगळ्यांची नावं ठाण्यात नोंदवली. वारा वाढला तर जिथं असू तिथून मागे फिरायचं, हे खालीच ठरलं. मीही रजा टाकून गेलो. मधल्या टप्प्यावर मीच खाली बघत थबकलो, तेव्हा मागून एका मुलीचा आवाज आला, "काका, दरी नका बघू, पुढचा दगड बघा!" माथ्यावर पोचल्यावर आम्ही मध लावून भाकरी खाल्ली. तशी चव पुन्हा मिळाली नाही.

नोकरीभर मी लोकांना बोलतं करत आलो, पण ते गुन्हेगारांना. ज्याला चूक दिसते तो माणूस बहुतेक वेळा जवळच उभा असतो आणि मानापोटी गप्प राहतो, हे मला म्हातारबांनी शिकवलं. त्याला तोंड उघडायला जागा वरच्यानेच करून द्यावी लागते. त्यानंतर प्रत्येक बंदोबस्ताआधी मी सगळ्यात नव्या शिपायाला विचारू लागलो, "माझं कुठं चुकतंय?"

पहिल्याच दिवशी नुकतीच भरती झालेली एक मुलगी सावधानमध्ये उभी राहून म्हणाली, "सर, मोर्चाच्या वाटेत आडवी लावलेली गाडी तुमचीच आहे."