उताराला न्यूट्रल

बालाजी ब्रेक फेल होऊन गेला नाही.

वर्षभर सगळे ब्रेक फेल झाला असंच म्हणतात. लोह्याच्या चौकात त्याच्या श्रद्धांजलीच्या बॅनरखाली उभं राहून लोक तेच बोलले. आज वर्षश्राद्धाच्या पंगतीतही तेच चाललं होतं.

मी त्या गाडीत मागच्या सीटवर होतो. म्हणून लिहितोय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बालाजी माझा शाळेपासूनचा मित्र. गाव लोहा. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, आणि जोडून सुट्टी आली की डोंगराकडं पळायचा.

आपल्याकडं नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन. म्हणून असेल, पण सह्याद्रीचं त्याला वेड होतं.

ट्रिपचं प्लॅनिंग सगळं त्याच्याकडं. कोणत्या वळणावर थांबायचं, धुकं किती वाजता उठतं, बायकांसाठी बाथरूम कुठं धड आहे, सगळं. हॉटेलवाल्याला फोन करून विचारायचा, "खिडकीतून दरी दिसती का पार्किंग, ते खरं सांगा."

आम्ही काही सुचवायला गेलो की म्हणायचा, "तुम्ही निस्ते भाकरी न् शेंगाची चटणी घेऊन बसा. बाकी मी पाहून राहिलो ना."

त्यानं सगळं पाहिलेलं असायचं. घाट उतरायचा कसा, तेवढं सोडून.

त्यात काय शिकायचं असतं, असंच आपल्याला वाटतं. आपल्याकडं उतार लागला की हात आपोआप गिअरवर जातो आणि गाडी न्यूट्रल होते. जीप, पिकअप, कार, सगळ्यांचं तेच. तेवढंच डिझेल वाचतं. आपले उतार सुरू होता होता संपतात, म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलं नाही.

त्या दिवशीचा घाट कोकणात उतरणारा होता.

माथ्यावर फोटो काढले. चहा झाला. बालाजीनं गाडी सुरू केली आणि पहिल्याच उताराला न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर खाली सोडली.

पोरांना घर्षण शिकवणारा माणूस. ब्रेक तापले की धरत नाहीत, हे त्याला काय माहीत नव्हतं? डोक्याला माहीत होतं. हाताला नव्हतं.

निम्म्या घाटात जळका वास आला.

"कुणाचा तरी क्लच जळून राहिला," तो म्हणाला. पुढं ट्रक होता, आम्हालाही तसंच वाटलं.

मग त्याचा पाय ब्रेकवर पार खालपर्यंत जायला लागला. गिअर टाकायला गेला, तर इतक्या वेगात गिअर पडेना.

"धरून बसा," एवढंच म्हणाला. ओरडला नाही.

डावीकडं दरी होती. त्यानं गाडी उजवीकडं नेऊन डोंगराला घासली. स्वतःच्या बाजूनं.

आम्ही तिघं वाचलो. त्याच्या शेजारी बसलेला संजय अजून काठी घेऊन चालतो.

बालाजी तिथंच गेला.

आज पंगतीत आमच्या ग्रुपचं ठरलं, येत्या शनिवारी त्याच घाटात जायचं. त्याच्या आठवणीत. दोन गाड्या. चालवणारे दोघंही आपल्या इकडचेच.

मी म्हटलं, जा, पण उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे इंजिनही तिला धरून ठेवतं. न्यूट्रल करू नका. बालाजीनं केली होती.



एकजण म्हणाला, "आज तरी नको ना. गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करून राहिला?"

मला इतका संताप आला की पाणी न पिता उठलो. त्याचं नाव जपायला अजून चार जणांना घाटात मरू द्यायचं का?

सुनीता वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, मी सगळं दवाखान्यातच सांगितलं होतं. त्यांना विचारलं, लिहू का?

"माझं काही न्हाई, भाऊजी. पण आबाला इचारा. त्यांना अजून ब्रेक फेलच माहीत हाय."

आबा म्हणजे बालाजीचे वडील. मांडवाच्या कडेला एकटेच खुर्चीवर बसले होते. मी खाली त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं.

न्यूट्रल म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मीच शिकिवलं व्हतं त्याला," ते म्हणाले. "जीपवर. मांडीवर बसवून. उतार आला की न्यूट्रल कर म्हणून."

मी म्हटलं, राहू द्या आबा. नाही लिहीत.

"लिही," ते म्हणाले. "बापानं शिकिवलं व्हतं, हे बी लिही. ज्यांचे लेकरं जित्ते हायत, ते बाप तरी वाचतील."

लिहिलं, आबा.

बालाजी, मित्रा, आम्ही आहोत ते तुझ्यामुळं. फार आठवण येते रे. तुला मनापासून शेवटचा नमस्कार.