बेचाळीस नंबरच्या हद्दी

माझी आत्या निवडणूक कचेरीत नकाशे काढायची. कचेरीतले लोक तिला हद्दबाई म्हणत. कुणी कामात घोळ घातला की ती म्हणे, "हद्द केलीत!" आणि सगळे हसायचे, कारण हद्द करणं हे खरं तर तिचंच काम.

बेचाळीस नंबरचा मतदारसंघ ती नोकरीला लागली त्याच वर्षी जन्माला आला. पहिला नकाशा तिनेच काढला. पुढे नऊ निवडणुका झाल्या. एकदा दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. गिरणी बंद पडल्यावर माणसं कामाच्या शोधात पांगली, मतदारयादी निम्म्यावर आली. आत्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वरून हुकूम आला: बेचाळीस नंबर रद्द. त्याचे दोन तुकडे करून उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या मतदारसंघांना जोडायचे. मसुदा प्रसिद्ध झाला. हरकतींना महिन्याची मुदत होती.

सगळ्यांनी तो मसुदा चाळून बाजूला ठेवला. आत्याने मात्र टेबलावर कागद पसरला आणि ओळीओळीवर बोट ठेवून वाचला. उत्तरेचा भाग 'नदीच्या जुन्या पात्रापर्यंत' होता, दक्षिणेचा 'सध्याच्या नदीपासून' पुढे. अठरा वर्षांपूर्वीच्या पुरात नदीने वाट बदलली होती. जुन्या आणि नव्या पात्रांच्या मधे वीटभट्टीवाल्यांची वस्ती होती. तीनशे बारा मतदार, आणि ते ना इकडचे ना तिकडचे!

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

"बाई, हे कॉम्प्युटरने केलंय," साहेब म्हणाले.

"कॉम्प्युटर कधी त्या वस्तीत गेलाय का? मी गेलेय, मोजणीची साखळी घेऊन, गुडघाभर चिखलातून."

"उगाच फाटे फोडू नका. आणि कर्मचाऱ्याला हरकत घेता येत नाही, माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. रविवारी ती बस पकडून वस्तीत गेली. तिथली सुईण सगळ्यांच्या घरात ये-जा असलेली, आत्याची जुनी ओळखीची. आत्याने तिच्या ओट्यावर खडूने दोन रेषा ओढल्या आणि मधे बोट टेकवलं.

सुईण बघतच राहिली. "म्हणजे आम्ही कुठेच नाही?"

"सध्या तरी नाही. पण हरकतीचा अर्ज तू कर. मला करता येत नाही."

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला होता. मोठमोठे पुढारी आपापले बालेकिल्ले वाचवायला आले होते. सुईणीची पाळी आली तेव्हा निम्मे लोक चहाला उठले. ती डगमगली नाही.

"साहेब, या वस्तीतली दोनशे पोरं माझ्या हातून जन्मली. त्यांनी मत कुठे द्यायचं, एवढं सांगा."

सुनावणीच्या अध्यक्षांनी पुरावा मागितला. सुईण म्हणाली, "तुमच्या कचेरीतल्या नकाशेवाल्या बाईंना बोलवा." साहेबांचा चेहरा पडला, पण अध्यक्षांनीच विचारल्यावर ते करणार काय? आत्या पुढे आली. तिने जुना नकाशा अंथरला आणि त्यावर नदीचं नवं पात्र काढलेला ट्रेसिंग पेपर ठेवला. दोन निळ्या रेषांच्या मधे वस्ती उघडी पडली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हे आमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"तुम्ही कागद पाहिलात, साहेब. मी जमीन पाहिलीय," आत्या म्हणाली.

अंतिम आदेशात वस्ती उत्तरेला जोडली गेली. बेचाळीस नंबर मात्र गेलाच. साहेब महिनाभर आत्याशी धड बोलले नाहीत. मग एके दिवशी बाकीच्या सगळ्या मतदारसंघांच्या हद्दींचं बाड तिच्या टेबलावर आणून ठेवलं. "एकदा नजर घाला, बाई." तिने त्यात आणखी चार चुका काढल्या.

पुढच्या निवडणुकीला वस्तीच्या शाळेत स्वतंत्र केंद्र मिळालं. आत्या तोवर निवृत्त झाली होती. स्वतःचं मत देऊन ती मला घेऊन बसने तिकडे गेली. रांग शाळेच्या फाटकाबाहेर आली होती. केंद्रावरच्या शिपायाने हटकलं, "आजी, तुमचं नाव इथे आहे का?"

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "यांची आहेत ना, ते बघायला आलेय."